कामावर पाठ धरली तर...



गळीत हंगाम लागला की आपण सगळे वजनाच्या गोष्टी बोलतो. गाडीत किती टन भरले, काट्यावर किती उतरले, एकरी उतारा किती पडला. काटापावती हातात पडल्याशिवाय आपला शेतकरी यार्डातून हलत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण हेच वजन ज्याच्या पाठीवरून जाते त्या माणसाच्या पाठीचा हिशेब कोण ठेवतो? फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा मजूर, गव्हाणीपाशी अडकलेला ऊस ओढणारा, मिल हाउसमध्ये वाकून लोखंड उचलणारा फिटर, गोडाऊनमध्ये साखरेच्या पोत्यांची थप्पी लावणारा हमाल, या सगळ्यांचे भांडवल म्हणजे त्यांची पाठ. ती एकदा गेली की घर बसते.

म्हणून या अंकात कामावर पाठीला इजा झाल्यास कायद्याने काय मिळते, ते कसे मिळवायचे आणि बहुतेक वेळा ते कशामुळे हातचे जाते, याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

'काही नाही जी, उसण भरली'

बोट यंत्रात गेले तर रक्त निघते. दहा माणसे धावतात, गाडी बोलावतात, नोंद आपोआप होते. पाठीचे तसे नाही. रात्रपाळीत पोते उचलता उचलता एखाद्याच्या कमरेत चमक निघते. तो जागेवरच खाली बसतो. मुकादम विचारतो, "काय झालं भाऊ?" तो म्हणतो, "काही नाही जी, उसण भरली जराशी. घरी जाऊन शेकतो." हजेरी तर लागलेलीच असते. तो पाळी कशीबशी काढतो, घरी जातो, बायको विटेने शेकते, कोणी चोळून देतो. दोन दिवस तसाच कामावर येतो, कारण खाडा झाला तर रोज बुडतो. आठव्या दिवशी पायात मुंग्या येतात. पंधराव्या दिवशी उठता येत नाही. महिन्याने डॉक्टर सांगतात की मणक्याची गादी सरकली.

मग तो कारखान्यात येतो. त्याला विचारतात, "हे इथंच झालं कशावरून? घरी बैलगाडी भरताना झालं नसेल कशावरून?" आणि त्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते. इजा खरी असते, हक्कही खरा असतो, पण कागद नसतो. पाठीच्या इजेचे बरेच दावे इथेच लंगडे पडतात.

यात एक मोठा गैरसमज आहे, तो आधी काढून टाकू. बऱ्याच लोकांना वाटते की पडले, घसरले किंवा अंगावर काही कोसळले तरच 'अपघात'. नुसती उसण भरली तर तो आपला नशिबाचा भाग. कायदा असे म्हणत नाही. आपला १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा ज्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर झाला, त्याच कायद्याखाली १९०३ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका मजुराचा खटला गेला होता. जनावरांचे खाद्य करणाऱ्या कारखान्यात तो यंत्राचे चाक जोर लावून फिरवत होता आणि त्या जोरानेच त्याला अंतर्गळ झाला. तो पडला नव्हता, यंत्रही मोडले नव्हते. तरी न्यायाधीशांनी सांगितले की काम करताना जोर पडून अकल्पित इजा झाली, तर तोही अपघातच. पोते उचलताना पाठीत कळ येऊन माणूस अडतो, तेव्हा तोच न्याय लागतो. मात्र त्या इजेचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. आधीची थोडी कंबरदुखी असली म्हणून हक्क बुडत नाही. कामाच्या जोराने ती वाढली, हे दाखवता आले पाहिजे.

हा हक्क कुठून आला

हा हक्क कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती, दुपारची विश्रांती मागितली होती, आणि आणखी एक मागणी होती. कामावर जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पगार मिळावा, आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून पुढे आलेल्या या माणसाची ती मागणी कायद्यात यायला एकोणचाळीस वर्षे लागली. १९२३ साली कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक, म्हणजे चार दिवसांपुरत्या लावलेल्या मजुरालाही संरक्षण मिळाले. २००९ च्या दुरुस्तीने औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा असे ठरले. २०१७ साली असे ठरले की कामावर घेतानाच कामगाराला त्याचे भरपाईचे हक्क, त्याला समजेल अशा भाषेत, मालकाने लेखी कळवले पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. तिच्या सातव्या प्रकरणात भरपाईच्या तरतुदी आहेत आणि त्यांचा गाभा जुनाच आहे. त्या तारखेआधी झालेल्या अपघाताला जुना कायदा लागतो, कारण हक्क अपघाताच्या दिवशी उभा राहतो.

एक गोष्ट आपल्या कामगारांनी विशेष ध्यानात ठेवावी. राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो, ती हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि त्या हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गुळाचे नाव स्पष्ट घातलेले आहे. त्यामुळे नागपूरच्या गिरणीतला आपला पाहुणा ईएसआयच्या दवाखान्यात जातो म्हणून आपणही तिकडे बघत बसू नये. पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात नसेल, तर आपला रस्ता भरपाईच्या तरतुदींचाच.

काय मिळते

पहिले, तात्पुरते अपंगत्व. पाठ धरली, डॉक्टरांनी दीड-दोन महिने काम बंद सांगितले, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. महिना १५,००० रुपये वेतन धरले तर पंधरवड्याला ३,७५० रुपये. पहिले तीन दिवस धरत नाहीत. पण काम २८ दिवस किंवा त्याहून जास्त बंद राहिले, तर पहिल्या दिवसापासून हिशेब होतो. ही रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षे मिळू शकते.

दुसरे, कायमचे अपंगत्व. इथे पाठीची गोष्ट वेगळी होते. बोट, हात, पाय, डोळा गेला तर किती टक्के धरायचे याची यादी कायद्यालाच जोडलेली आहे. सरकलेली गादी त्या यादीत नाही. यादीत नाही म्हणजे भरपाई नाही, असे मात्र समजू नका. यादीबाहेरच्या इजेला कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

हिशेब असा. चाळीस वर्षांचा कामगार, वेतन १५,००० रुपये. वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. चाळीस वर्षे वयाला कायद्याच्या तक्त्यात १८४.१७ हा गुणक आहे. गुणाकार १६,५७,५३० रुपये होतो. ही पूर्ण व कायम अपंगत्वाची रक्कम झाली. कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असे ठरले, तर तिचे ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९ रुपये. वय कमी असेल तर गुणक वाढतो. पस्तिसाव्या वर्षी तो १९७.०६, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशेबासाठी वेतनाची मर्यादा महिना १५,००० रुपये ठरली. ही मर्यादा सरकार अधिसूचनेने बदलते, तेव्हा दावा लावताना अपघाताच्या दिवशीचा आकडा पाहून घ्यावा.

दाखला कोणता हवा

डॉक्टरांच्या दाखल्यावर पुष्कळ अवलंबून असते. 'कंबरदुखी, आराम करावा' एवढ्या ओळीने काम भागत नाही. शरीराचे अपंगत्व एक आणि कमावण्याची ताकद दुसरी. एखाद्या कारकुनाची कंबर वीस टक्के गेली तरी तो खुर्चीवर बसून लिहू शकतो. हमालाची तेवढीच गेली तर तो पोते उचलूच शकत नाही.

१९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात हीच गोष्ट मान्य केली. सिनेमागृहाच्या कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब या माणसाची कमावण्याची ताकद पूर्ण, म्हणजे शंभर टक्के गेली, असे न्यायालय म्हणाले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, हेही त्याच निकालात आले.

तेव्हा डॉक्टरसाहेबांना आपले काम नीट सांगा. "मी हमाल आहे, दिवसभर पन्नास किलोची पोती उचलतो" असे सांगा आणि दाखल्यावर तसे लिहून मागा. साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, गादी दिसत नाही. म्हणून एमआरआय सांगितला तर टाळू नका आणि त्याची फिल्म जपून ठेवा. मालकाने आपल्या खर्चाने त्याच्या डॉक्टरकडून तपासणी करायचे म्हटले, तर नकार देऊ नये. नकार दिला तर भरपाई थांबू शकते.

आणि एक धोक्याची खूण. पाठीच्या इजेनंतर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातला जोर जाऊ लागला, तर शेकत बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा. तिथे उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

काय करावे, थोडक्यात

१. त्याच पाळीत सांगा आणि लिहून द्या. तारीख, वेळ, जागा, काय उचलत होतो आणि कुठे कळ आली, एवढ्या चार ओळी पुरेत. साध्या भाषेत लिहा. अपघाताच्या वहीत नोंद घ्यायला सांगा आणि आपल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

२. जवळ कोण होते, त्या दोघांची नावे लिहून ठेवा. हंगाम संपला की टोळ्या पांगतात, मग माणूस सापडत नाही.

३. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि 'कामावर पोते उचलताना' हे शब्द केसपेपरवर येऊ द्या. पहिल्या दिवसाच्या केसपेपरसारखा साक्षीदार नाही.

४. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. 'एवढे घे आणि मिटव' असा करार करून कायद्याचा हक्क सोडता येत नाही. तसा करार रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच तर ती सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवूनच करावी.

५. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा. नोटीस द्यायला उशीर झाला, पण कारखान्याला किंवा तुमच्या खातेप्रमुखाला अपघात माहीत होता, तर तेवढ्यावरून दावा फेटाळत नाहीत. पण आपण होऊन उशीर करू नये.

६. वकिलाच्या फीला भिऊ नका. औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा आपल्या तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. अर्ज कुठे लावायचा याची चौकशी कामगार खात्याच्या कार्यालयातही होते.

आपल्या भागातले, तांड्यातांड्यांतले कितीतरी लोक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. तिकडे इजा झाली म्हणून तिकडेच खेटे घालावे लागतात असे नाही. १९९५ च्या दुरुस्तीपासून कामगार आपण राहतो त्या भागातही दावा लावू शकतो. ठेकेदारामार्फत कामावर असलेल्यालाही मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. गोडाऊन, यार्ड, गव्हाण अशा कारखान्याच्या आवारातल्या कामाला हे सरळ लागते. फडातल्या तोडणीला मात्र 'जागा कारखान्याच्या ताब्यातली नव्हती' असा वाद निघतो, म्हणून तोडणी मजुराने मुकादमाचे नाव, उचलीचा कागद आणि स्लिपा फार जपाव्यात.

एक निकाल, आपल्यासारख्याच कारखान्यातला

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एका साखर कारखान्यावर एक पहारेकरी होता. त्याची पाळी पहाटे तीनला सुरू व्हायची. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलने कामावर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी २००९ साली घरच्या माणसांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. तो कामावर पोचलाच नव्हता, असे म्हणून २०११ साली उच्च न्यायालयाने ती भरपाई रद्द केली. घरच्यांनी धीर सोडला नाही. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. मनोज मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी निकाल दिला. कामावर जाता-येता झालेला अपघात, वेळ, जागा आणि कारण यांचा कामाशी धागा जुळत असेल, तर कामावरचाच अपघात धरावा, असे त्यांनी सांगितले आणि भरपाई कायम केली. नव्या संहितेत तर हे स्पष्टच लिहिले आहे.

हा निकाल पाठीच्या इजेचा नाही, पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. पाळी कितीची होती, निघाला केव्हा, कुठे झाले, या गोष्टी साध्यासुध्याच. पण त्या कागदावर होत्या, म्हणून बावीस वर्षांनंतरही तग धरून राहिल्या.

आता थोडे सभासदांसाठी

सभासद बंधूंनो, इथवर वाचून तुमच्या मनात येईल, की हे सगळे कामगारांना शिकवून आपल्याच कारखान्यावर बोजा कशाला चढवायचा? शेवटी पैसा सभासदांचाच ना?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही हिशेबानेच देतो. कारखाना या जबाबदारीचा विमा उतरवू शकतो. अपघात वेळेवर कळला, कागद नीट झाले, तर भरपाई विम्यातून जाते. लपवाछपवी झाली, महिना उलटला आणि पैसे दिले नाहीत, तर १२ टक्के व्याज लागते, शिवाय भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड विमा कंपनीवर टाकता येत नाही, असे वाहनांच्या विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितले आहे. म्हणजे एक पान लिहायचा कंटाळा केला तर तो सभासदांच्याच खिशावर येतो.

शिवाय तुम्ही स्वतःही मालक आहात. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि त्यावर गडी ठेवला आहे, त्याच्या गड्यालाही हा कायदा लागतो. यंत्राने होणारी शेतीची कामे कायद्याच्या यादीत आहेत. नांगर जोडताना गड्याची पाठ गेली तर "मी साधा शेतकरी" म्हणून सुटता येत नाही. ट्रॅक्टरचा विमा काढताना त्यावर काम करणाऱ्या माणसाचाही विमा उतरला का, हे एकदा पॉलिसी काढून बघा.

आणि शेवटी हिशेबापलीकडची गोष्ट. पैनगंगेच्या काठाने उमरखेड, महागाव, पुसदकडे आपण फिरलो तर असे किती घर दिसतील, की थोरला भाऊ उसाचा सभासद आहे आणि धाकटा हंगामात गोडाऊनला जातो! सहकारात मालक आणि मजूर एकाच पंगतीला बसतात. तेव्हा गोडाऊनमधला भाऊ कंबर धरून खाली बसला आणि "काही नाही जी" म्हणाला, तर मुकादमाने, टाइमकीपरने, जवळच्या प्रत्येकाने त्याला एवढेच सांगावे: "काही नसेल तर बरंच आहे भाऊ, पण आधी वहीत लिहून दे, मग घरी जाऊन शेक."

उसाच्या वजनाची पावती आपण घेतोच. येत्या हंगामात माणसाच्या पाठीचीही पावती घेऊ या.